जुन्या इंजिनावर स्वस्तातला टर्बो : कॉम्प्रेशनच्या वादामागची पार्श्वभूमी

एक्झॉस्टच्या जोरावर कॉम्प्रेसर फिरवून इंजिनात हवा कोंबण्याची, म्हणजे टर्बोची, कल्पना 1905 च्या पेटंटाइतकी जुनी आहे. त्यानंतर ती विमानं, जहाजं आणि ट्रकची डिझेल इंजिनं यांत मुरली. जुन्या पेट्रोल गाडीवर भंगारातला टर्बो चढवणाऱ्याच्या कामाचा इतिहास मात्र 1962 पासून सुरू होतो. त्या वर्षी अमेरिकेत दोन टर्बो गाड्या बाजारात आल्या आणि एकाच प्रश्नाला त्यांनी उलटी उत्तरं दिली : टर्बो लावल्यावर इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रणाला किती पटीने दाबतो ते प्रमाण, कमी करावं की नाही?

ओल्ड्समोबाइलच्या जेटफायरने कॉम्प्रेशन 10.25:1 ठेवलं आणि नॉकिंग (ज्वाला पोहोचण्याआधीच मिश्रण आपोआप पेटून बसणारा ठोका) आवरायला पाणी-मिथेनॉलचं मिश्रण फवारलं. मालक ती टाकी भरायला विसरत. पुढे बऱ्याच गाड्यांवरचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसला. शेव्रोलेच्या कॉर्व्हेअरने कॉम्प्रेशन 8:1 वर उतरवलं. जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, म्हणजे वेस्टगेट, नव्हतंच. एक्झॉस्टचा अडथळाच बूस्टला, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या दाबाला, लगाम घालत होता. ही गाडी टिकली आणि धडा ठरून गेला : टर्बो म्हणजे कॉम्प्रेशन कमी.

युरोपने तोच धडा आणखी कडक केला. 1973 च्या बीएमडब्ल्यू 2002 टर्बोचं कॉम्प्रेशन 6.9:1 होतं, तर 1970 च्या दशकातल्या मधल्या वर्षांत आलेल्या पहिल्या पोर्श 911 टर्बोचं 6.5:1. बूस्ट चढेपर्यंत अशी इंजिनं मरगळलेली असत. टर्बो लॅगची, म्हणजे पेडल दाबल्यावर जोर उशिरा येण्याची, बदनामी झाली त्यात टर्बोच्या आकाराइतकाच या खालावलेल्या कॉम्प्रेशनचाही वाटा आहे, पण तो क्वचितच कोणी मोजतो.

घरच्या गॅरेजमध्ये हा नियम 'जाड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) टाका' अशा रूपात पोहोचला आणि तिथेच घोळ झाला. कारखान्याने कॉम्प्रेशन उतरवलं ते पिस्टनचा माथा किंवा हेडमधली पोकळी बदलून. गॅरेजमध्ये ते उतरलं दुहेरी गॅस्केट किंवा मधली पत्रा-प्लेट घालून. 79 मिमी बोर आणि 81.5 मिमी स्ट्रोकचं 1600 सीसी इंजिन घ्या. एका सिलिंडरची सुमारे 400 सीसी क्षमता आणि 9.5:1 कॉम्प्रेशन धरलं तर वरची पोकळी 47 सीसी येते. 8.5:1 करायचं तर ती 53.3 सीसी हवी, म्हणजे हेड जवळजवळ 1.3 मिमी वर उचलावं लागतं.

या 1.3 मिमीची किंमत मोठी आहे. पिस्टनचा सपाट कडेचा भाग आणि हेड यांच्यातली फट मुळात 1 मिमीच्या आसपास असते. पिस्टन वर येताना त्या फटीतलं मिश्रण जोरात मधे ढकललं जातं, त्याची घुसळण होते आणि ज्वाला पटकन पसरते. फट 2.3 मिमी झाली की घुसळण मंदावते आणि कडेला न जळलेलं मिश्रण तापत पडून राहतं. नॉकिंगची सुरुवात तिथूनच होते. म्हणजे नॉकिंग टाळायला केलेला खर्च नॉकिंगलाच हातभार लावतो. शिवाय टायमिंग बेल्टवर चालणारा ओव्हरहेड कॅम (हेडमध्ये बसून झडपा उघडणारा दांडा) असेल तर हेड वर गेल्याने कॅमचं टायमिंग क्रँकच्या हिशेबात दोन-तीन अंश पुढे सरकतं. ॲडजस्टेबल पुली नसेल तर ते तसंच राहतं.

जाड गॅस्केटला आधार दिला तो 'प्रभावी कॉम्प्रेशन' नावाच्या सूत्राने. कॉम्प्रेशनला निरपेक्ष दाबाच्या (बूस्टमध्ये वातावरणाचा दाब मिळवून येणाऱ्या दाबाच्या) पटीने गुणायचं : 9.5 गुणिले 1.5, म्हणजे अर्धा बार बूस्टला 14.25. आकडा पाहून कोणीही घाबरेल. पण पिस्टनने दाबल्याने मिश्रणात येणारी उष्णता सिलिंडरच्या आतच राहते, टर्बोने दाबल्याने आलेली उष्णता मात्र वाटेत इंटरकूलरमध्ये, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरमध्ये, काढता येते. 30 अंशांची हवा 65 टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून अर्धा बार दाबली की 87 अंशांच्या घरात जाते, पूर्ण एक बारला 130 च्या वर. इंटरकूलर असला-नसला तरी सूत्र तेच उत्तर देतं, म्हणून दोन इंजिनांची तुलना करायला ते जवळपास निरुपयोगी आहे. त्यात काही जण गेजवरचा बूस्ट आणि निरपेक्ष दाब यांची गल्लत करतात ते वेगळंच.

वाद खरा मिटवला नॉक सेन्सरने. 1978 पासून टर्बो इंजिनांत ठोका ऐकून स्पार्क मागे घेणारी यंत्रणा येऊ लागली. 1982 च्या सुमारास एका स्वीडिश कारखान्याने नॉक ऐकून बूस्टच कमी करणारी यंत्रणा आणली आणि त्याच इंजिनाचं कॉम्प्रेशन 7.2 वरून 8.5:1 पर्यंत नेलं. आजची थेट इंजेक्शनची टर्बो इंजिनं सर्रास 10:1 च्या आसपास असतात. तरी जाड गॅस्केटचा सल्ला मात्र अजून तसाच फिरतो आहे.

स्वस्त टर्बोचा पुरवठाही याच काळातला. 1980 च्या दशकातल्या दोन-सव्वादोन लिटर गाड्यांवरचा टी3 हा टर्बो भंगारात मुबलक येऊ लागला, 1990 नंतर टीडी04. दीड ते दोन लिटरला दोन्ही जमतात. 5.9 लिटर डिझेलवरचा मोठा टर्बो एचएक्स35 तितकाच सहज मिळतो, पण दोन लिटर पेट्रोलवर तो फार उशिरा जागा होतो. वापरलेला टर्बो घेताना शाफ्ट आडवा थोडा हलला तर चालतं, कारण साध्या बेअरिंगला तेलाच्या थरापुरती जागा लागतेच. पुढे-मागे हललेला हाताला जाणवला किंवा पात्यांची टोकं हाऊसिंगला घासलेली दिसली, तर तो परत ठेवावा.

इंधनाची गोष्ट जास्त वेडीवाकडी आहे. आधी कार्ब्युरेटर हवेच्या वाटेत टर्बोच्या अलीकडे बसे. त्यात थ्रॉटल मिटला की कॉम्प्रेसरमध्ये व्हॅक्यूम येऊन तेल ओढलं जाई, म्हणून कार्बन सील लागे. इंटरकूलर लावावा तर त्यात पेट्रोल साचे. मग कार्ब्युरेटर पलीकडे गेला. तेव्हा बूस्टच्या दाबाखाली पितळी पोकळ फ्लोट चेपू लागले आणि पंपाचा दाब बूस्टच्या बरोबरीने वाढवणं आलं. इंजेक्शनच्या गाड्यांसाठी 1990 च्या दशकात रिटर्न लाइनवर (जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणाऱ्या नळीवर) बसणारा वाढत्या प्रमाणाचा रेग्युलेटर लोकप्रिय झाला. 8:1 चा, म्हणजे बूस्टच्या आठपट दाब वाढवणारा, रेग्युलेटर 0.4 बार बूस्टला 3 बारचं इंधन 6.2 बारवर नेतो. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणून एवढ्या खटाटोपातून साधारण 40 टक्के जास्त पेट्रोल मिळतं. हिशेब जुळतो, पण पंधरा-वीस वर्षं चाललेला पंप 6 बारला दम टाकतो, आणि पिस्टन वितळतो तो नेमका वरच्या आरपीएमला.

2001 च्या सुमारास आलेल्या सुट्या भागांतून जुळवायच्या ईसीयूने (इंधन आणि स्पार्क सांभाळणाऱ्या संगणकाने) आणि नंतर एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरने हा जुगाड बाजूला सारला. 150 अश्वशक्तीला चार इंजेक्टर 80 टक्के ड्यूटीवर, म्हणजे 80 टक्के वेळ उघडे, धरले, तर प्रत्येकी सुमारे 300 सीसी प्रति मिनिट पुरतात. बूस्टमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण 11.5 ते 12:1, दर 0.07 बारला स्पार्क साधारण 1 अंश मागे, प्लग एक पायरी थंड आणि गॅप 0.6-0.7 मिमी, एवढं सांभाळलं तर इंटरकूलर लावून 0.4-0.5 बारला 9.5:1 च्या इंजिनाचं हेड उघडायची बहुधा गरज पडत नाही. मात्र आधी कॉम्प्रेशन टेस्ट घ्यावी, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. सिलिंडरांत 10 टक्क्यांहून जास्त फरक असेल तर टर्बोचा विचारच सोडावा.

गेल्या वीसेक वर्षांत नकली टर्बो आणि पातळ नळ्यांचे मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला एक्झॉस्ट टर्बोपर्यंत नेणारे भाग) स्वस्त झाले तशा तक्रारीही बदलल्या. मॅनिफोल्ड कॉलेक्टरच्या (नळ्या एकत्र येतात त्या जागेच्या) वेल्डजवळ तडकतो, कारण टर्बो आणि त्यातून एक्झॉस्ट बाहेर नेणाऱ्या डाउनपाइपचं वजन त्याच्यावरच लटकलेलं असतं. जाड भिंतीच्या एल्बोंचा बोजड लॉग मॅनिफोल्ड आणि टर्बोखाली ब्लॉकला बांधलेला टेकू जास्त टिकतात. धूर निघाला की सील गेला म्हणतात, पण बऱ्याचदा दोष परतीच्या तेलाच्या नळीचा असतो. ती नळी आतून किमान 12 मिमी असावी, जवळजवळ सरळ खाली उतरावी आणि सम्पमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) तेलाच्या पातळीच्या वर उघडावी. तेल फक्त स्वतःच्या वजनाने उतरतं. नळीला एक जरी वाक वर गेला, तरी ते बेअरिंग हाऊसिंगमध्ये तुंबतं आणि टर्बाइनच्या बाजूने बाहेर पडतं.