टर्कीच्या पिल्लांचे घरगुती ब्रूडरमधील संगोपन

अंड्यातून बाहेर पडल्यापासून अंगावर पुरती पिसे येईपर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवडे, टर्कीची पिल्ले आईविना कृत्रिम उबेत वाढवण्याची पद्धत. उबेच्या या बंदिस्त जागेला ब्रूडर म्हणतात. दहा-वीस पिल्लांसाठी पुठ्ठ्याचे मोठे खोके किंवा पत्र्याचे गोल कुंपण आणि वर टांगलेला बल्ब एवढ्यावर काम भागते. कोंबडीची पिल्ले वाढवलेल्या माणसालाही टर्कीची पिल्ले पहिल्या पंधरवड्यात अवघड जातात. याचे मुख्य कारण थंडी नसून पिल्लांना खायला शिकवणारे कोणी नसते, हे आहे.

टर्की हा मूळचा अमेरिका खंडातला पक्षी. मेक्सिकोच्या परिसरात तो दोन हजार वर्षांपूर्वीच माणसाळला होता. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. मोगल दरबारात तो पोर्तुगिजांच्या गोव्यातून पोचला. १६१२ मध्ये बादशहा जहांगीराचा अधिकारी मुकर्रबखान याने गोव्याहून आणलेल्या अपूर्वाईच्या जिनसांत हा पक्षी होता. त्याच्या डोक्यामानेचे घडीघडी पालटणारे रंग जहांगीराने आपल्या आठवणींत मोठ्या कौतुकाने नोंदवले आहेत. दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरने त्या वेळी काढलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. आता बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने विकसित केलेली ‘कारी विराट’ ही पांढरी, रुंद छातीची जात भारतात पाळली जाते.

टर्कीची अंडी २८ दिवसांत उबतात, कोंबडीची २१ दिवसांत. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस तग धरते. या काळात ते खाते आहे की नाही, हे वरवर पाहून कळत नाही. ते चालते, ओरडते, ठणठणीत दिसते. मग चौथ्या ते सहाव्या दिवशी पिल्ले एकाएकी मरू लागतात आणि गळ्याखालची अन्नाची पिशवी रिकामी निघते. दाण्याचे भांडे समोर भरलेले असूनही ती उपाशी गेलेली असतात. खुडूक मादी चोचीने दाणा टिपून दाखवते, विशिष्ट आवाज काढून बोलावते. ब्रूडरमध्ये हे काम पाळणाऱ्यालाच करावे लागते.

म्हणून पिल्लू आणल्याबरोबर त्याची चोच अलगद कोमट पाण्यात बुडवावी, ते घोट घेते आहे ना हे पाहावे आणि मगच त्याला खाली सोडावे. असे प्रत्येक पिल्लाचे करावे. टर्कीच्या पिल्लाला चकाकणाऱ्या वस्तूंचे मोठे आकर्षण असते. कोणी हात आत घातला तर ते अंगठीवर, नखावर, हातावरच्या तिळावरही चोच मारते. दाण्यात आणि पाण्यात रंगीत काचेच्या गोट्या टाकण्याची रीत याच स्वभावावर बेतलेली आहे. गोटीवर चोच मारता मारता दाणा तोंडात जातो. पाण्याच्या भांड्यात गोट्यांचा दुसराही उपयोग होतो, भांडे उथळ होऊन पिल्लू बुडत नाही. पहिले काही दिवस दाणा पसरट ताटलीत, भरपूर उजेडात ठेवावा आणि वर बोटाने टकटक करत राहावे. उकडलेले अंडे कुस्करून, वर बारीक चिरलेली लसूणघास किंवा कोथिंबीर भुरभुरून दिली, तर हिरव्या रंगाकडे पिल्ले लवकर वळतात. दिवसातून चार-पाच वेळा असे जवळ बसणे हे कोणत्याही औषधापेक्षा मोलाचे आहे.

खाद्यात पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे २८ टक्के प्रथिने लागतात. अंड्यांच्या कोंबड्यांच्या पिल्लांना सुरुवातीला देतात त्या चिक स्टार्टर खाद्यात ती २० टक्क्यांच्या आसपास असतात, त्यामुळे नुसत्या त्यावर पिल्ले खुरटतात. नायसिन या जीवनसत्त्वाची गरजही कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त असते, ते कमी पडल्यास पायाचे सांधे सुजतात व पाय वाकडे होतात. प्रथिने वाढवायला घरची शेंगदाणा पेंड घालण्याचा मोह आपल्याकडे साहजिक आहे, पण इथे फार जपावे लागते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अनाकलनीय आजाराने मेले. कारण कळेना म्हणून त्याला ‘टर्की एक्स’ असे नाव पडले. ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती. तिच्या विषाचा शोध लागला, तेच अफ्लाटॉक्सिन. आज माणसांच्या खाण्यातल्या शेंगदाण्याचीही ज्या विषासाठी तपासणी होते, त्याची ओळख जगाला टर्कीमुळे झाली. ओल लागलेली, कुबट वासाची पेंड किंवा मका या पिल्लांना चिमूटभरही घालू नये.

उबेचे गणित त्या मानाने सोपे आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस तापमान असावे, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करावे. थर्मामीटर हवाच, पण पिल्लांची वागणूक अधिक खरे सांगते. बल्बखाली एकमेकांवर चढून किलबिलाट चालला असेल तर ऊब कमी पडते आहे; चोच उघडी टाकून कडेला पांगली असतील तर जास्त होते आहे. म्हणूनच बल्ब मधोमध न लावता एका बाजूला लावतात, म्हणजे पिल्लू आपली जागा आपण निवडते. विदर्भात मे महिन्यात दिवसा बल्ब लावला तर पिल्ले उकाड्यानेच मरतील, तर डिसेंबरात तोच बल्ब रात्रभर लागतो. लोडशेडिंग असलेल्या गावात पर्यायी उबेची सोय आधीच करावी. बल्ब नुसत्या चिमट्यावर न सोडता साखळीने टांगावा, भुशात पडला तर आग लागते. टेफ्लॉनसारखा लेप असलेले बल्ब वापरू नयेत, तापल्यावर निघणारा वायू पक्ष्यांना प्राणघातक असतो.

घाबरली की पिल्ले कोपऱ्यात ढीग करतात आणि खालची गुदमरतात, म्हणून कोपरे पुठ्ठ्याने गोल करून घ्यावेत. तळाशी गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नये, पाय फाकतात. भाताचे तूस किंवा लाकडाच्या जाड ढलप्या चालतात. पहिले दिवस त्यावर खरखरीत कापड अंथरावे, नाहीतर पिल्ले तूसच खातात. ओल्या, बुरसलेल्या तुसाच्या गादीमुळे फुप्फुसांचा बुरशीजन्य आजार होतो. दोन-तीन आठवड्यांची झाली की पिल्ले उंचावर बसू पाहतात, त्यांना जमिनीपासून वीतभर उंचीची दांडी द्यावी.

खायला शिकवण्यासाठी टर्कीच्या पिल्लांत एखादे कोंबडीचे पिल्लू सोडण्याची युक्ती बरेच जण वापरतात. ती लागूही पडते, पण धोका पत्करून. ब्लॅकहेड हा आजार हिस्टोमोनास मेलिआग्रिडिस या एकपेशीय जीवामुळे होतो आणि कोंबड्यांच्या आंत्रातल्या बारीक जंतांच्या अंड्यांतून पसरतो. कोंबडीला त्याचे सहसा काही होत नाही. टर्कीला पिवळसर हगवण लागते, यकृत सडते आणि बहुतेक पक्षी दगावतात. त्यामुळे सोडायचेच तर एक दिवसाचे, जमिनीला पाय न लागलेले पिल्लू सोडावे. जंताची ही अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकतात, म्हणून सहा आठवड्यांनंतर टर्की बाहेर काढताना जिथे पूर्वी कोंबड्या चरल्या ते परसू टाळावे.