डायनॅमिक आयपी वेगळा, सीजीनॅट वेगळं : बाहेरगावाहून घरचा रिग चालवण्याआधी

घरचा रिग (रेडिओ संच) इंटरनेटवरून बाहेरून लागत नाही म्हटलं, की हॅम (हौशी रेडिओ) मंडळींत एकच सल्ला फिरतो : ‘आयपी बदलत असेल, डीडीएनएस (बदलत्या आयपीला कायमचं नाव देणारी सेवा) लावा.’ मग डकडीएनएस या तसल्याच सेवेवर नाव घेतलं जातं, राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून येणाऱ्या पॅकेटसाठीची दारं) उघडले जातात आणि कणकवलीला पोचल्यावर रिग तसाच मुका. आयपी बदलणं ही अडचण नसतेच. मुंबईतल्या अनेक घरगुती जोडण्या सीजीनॅटमागे (एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेमागे) आहेत आणि तिथे डीडीएनएसचा काडीचा उपयोग नाही.

डायनॅमिक आयपी तुम्हाला ठाऊक आहे. पत्ता सार्वजनिक असतो, तुमच्या एकट्याचा असतो. राउटर बंद-चालू झाला किंवा पीपीपीओई सेशन (कंपनीशी झालेलं लॉगिन) तुटलं की नवा मिळू शकतो. डीडीएनएस नव्या पत्त्याला जुनंच नाव लावतं, विषय संपला. नो-आयपी या डीडीएनएस सेवेचं फुकट नाव दर ३० दिवसांनी पक्कं करावं लागतं, तेवढं निघण्याआधी करून टाका.

सीजीनॅटमध्ये सार्वजनिक पत्ता तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही. तो इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या यंत्रावर असतो आणि अनेक ग्राहक एकाच वेळी तो वापरतात. तुमच्या राउटरला मिळतो तो कंपनीच्या आतला पत्ता, साधारणपणे १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला. हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. काही केबलवाले १० ने सुरू होणारा पत्ता देतात.

घरातून पॅकेट बाहेर गेलं, की कंपनीचं यंत्र नोंद करतं : अमुक पोर्टवर येणारं उत्तर तमुक घरी पाठवायचं. यूडीपीची (पोच न मागता पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीची) ही नोंद थोडाच वेळ टिकते, कधी कधी अर्धा मिनिटच. बाहेरून आपणहून आलेल्या पॅकेटची नोंदच नसते, म्हणून ते तिथल्या तिथे टाकून दिलं जातं. टॉवरचा पत्ता बरोबर, पण गेटवरच्या वॉचमनकडे फ्लॅट नंबरच नाही, अशी ही गत. तुम्ही पोर्ट उघडलात ते आपल्या फ्लॅटच्या दाराशी. अडवणूक गेटवर आहे. आयकॉम कंपनीच्या रिगचे ५०००१, ५०००२ आणि ५०००३ हे यूडीपी पोर्ट कितीही चोख उघडा, पॅकेट तुमच्या राउटरला दिसतच नाही.

ओळखायचं कसं? राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (कंपनीकडून राउटरला मिळालेला पत्ता) पाहा. मग व्हीपीएन बंद ठेवून, त्याच जोडणीवरून ‘माझा आयपी’ सांगणाऱ्या साइटवरचा पत्ता पाहा. दोन्ही सारखे असतील तर पत्ता सार्वजनिक आहे. वॅन आयपी वरच्या पट्ट्यातला किंवा १० ने सुरू होणारा असेल तर सीजीनॅट. १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर बहुधा कंपनीच्या फायबर डब्यामागे तुम्ही स्वतःचा राउटर लावलाय. तो डबा ब्रिज मोडवर टाका, म्हणजे कंपनीचा पत्ता थेट तुमच्या राउटरला मिळेल, आणि पुन्हा पाहा. पत्ता राउटरमध्येच बघा, लॅपटॉपवर नको, कारण टेलस्केल (आपली यंत्रं एकमेकांना जोडणारं व्हीपीएन) लावलं असेल तर तेही १००.६४ च्याच पट्ट्यातले पत्ते वाटतं.

‘घरचा सीसीटीव्ही फोनवर दिसतो, म्हणजे सीजीनॅट नाही’ हा युक्तिवाद कृपया थांबवा. कॅमेरा स्वतःच आतून बाहेर सर्व्हरला जोडून बसलेला असतो. पोर्ट तपासणाऱ्या साइटचाही भरवसा नको, त्या बहुतेक टीसीपी (पोच घेत पॅकेट पाठवण्याची पद्धत) तपासतात आणि आयकॉमचं काम यूडीपीवर चालतं. शिवाय घरच्याच वायफायवरून केलेली चाचणी ही चाचणी नव्हे. मोबाइल डेटावरून करा.

स्टॅटिक आयपी विकत घेतला की सीजीनॅटमधून सुटका होते. तरीही रिगचे पोर्ट साऱ्या जगाला उघडे ठेवू नयेत. वायरगार्ड या व्हीपीएनचा एक यूडीपी पोर्ट, सहसा ५१८२०, पुरतो. आयपीव्ही६ मध्ये सीजीनॅटची भानगड नाही, पण हॉटेलच्या वायफायवर ते नसलं की तुम्ही अडकलात.

आमची पसंती आतून बाहेर काढलेल्या टनेललाच. आयकॉमच्या आयसी-७६१० किंवा आयसी-७०५ या रिगमध्ये टेलस्केल चढवता येत नाही, म्हणून शॅकमध्ये (रिगच्या खोलीत) एक रास्पबेरी पाय हा छोटा संगणक लॅन केबलने जोडून तो सबनेट राउटर (टनेलमधून घरच्या नेटवर्कची वाट देणारं यंत्र) करायचा. त्याआधी घरचं नेटवर्क १९२.१६८.१ वरून १९२.१६८.७३ असं काहीतरी करा. हॉटेलचं नेटवर्कही १९२.१६८.१ निघालं, तर लॅपटॉप रिगला हॉटेलातच शोधत बसतो. रिगला राउटरमध्ये कायमचा पत्ता राखून द्या. पायवर आयपी फॉरवर्डिंग चालू करा, घरचा सबनेट जाहीर करा आणि टेलस्केलच्या अॅडमिन पानावर त्या रूटला मंजुरी द्या. ही मंजुरीच राहून जाते. तिथेच पायची की एक्स्पायरी (लॉगिनची मुदत) बंद करा, नाहीतर ठरलेल्या १८० दिवसांनी तो नेटवर्कमधून बाहेर पडतो. आरएस-बीए१ किंवा डब्ल्यूएफव्ह्यू या रिग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मग रिगचा घरचाच पत्ता भरायचा.

स्वतःचं वायरगार्ड हवं असेल, तर मुंबईतल्या डेटा सेंटरमधला छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घ्या. पायने त्याला जोडायचं आणि कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारं पॅकेट) २५ सेकंद ठेवायचा, म्हणजे सीजीनॅटमधली नोंद पुसली जात नाही. पाय पिंगला उत्तर देतो पण रिग देत नाही, असं झालं तर बहुधा पायवर मास्करेड (टनेलमधून आलेल्या पॅकेटवर पायचाच पत्ता लावणं) लावलेलं नाही : टनेलमधल्या पत्त्याला परत उत्तर कुठल्या वाटेने द्यायचं, हे रिगला माहीत नसतं.

प्रवासात तुमचा फोनही बहुधा सीजीनॅटमागेच असतो. दोन्ही टोकं अशी असली की टेलस्केलला कधी कधी थेट वाट सापडत नाही आणि मग सगळं रिले सर्व्हरवरून टीसीपीने जातं. तेव्हा आवाज अडखळतो. १६ बिट, १६ किलोहर्ट्झ ऑडिओला एका दिशेने २५६ केबीपीएस लागतात. ८ किलोहर्ट्झ म्यू-लॉवर (८ बिटांत दाबलेल्या आवाजावर) आणा, ६४ मध्ये भागतं. एफटी८ (संगणकाने चालणारी डिजिटल संदेश पद्धत) साठी सॉफ्टवेअर घरच्या संगणकावरच चालवा आणि फक्त पडदा दूरून बघा.

टनेल मध्येच तुटला तर पीटीटी (प्रक्षेपणाचं बटण) दाबलेला राहू नये, म्हणून रिगमधला टाइमआउट टायमर ३ मिनिटांवर ठेवा. फायबरचा डबा, राउटर आणि पाय यूपीएसवर हवेत. रिगचा पुरवठा तोडणारा स्मार्ट प्लग मात्र पायवर अवलंबून नसावा. तो स्वतःच्या क्लाउडशी आतून जोडलेला असतो, त्यामुळे सीजीनॅटमागेही चालतो आणि पाय अडकला तरी रिग बंद करता येतो.