फिल्टर कॉफी मागितली, कोरी आली

फोंड्याचे आमचे मामा कामाला पणजीत आले की दुपारची कॉफी उडप्याकडे, हे ठरलेलं. मागच्या खेपेला मीच म्हटलं, मामा, आज जरा वेगळीकडे जाऊ, आणि मळा या भागातून चालवत त्यांना फोंतेन्हास या जुन्या वस्तीतल्या एका नव्या कॅफेत नेलं. जुनं पोर्तुगीज घर, शिंपल्यांच्या खिडक्या तशाच राखलेल्या, बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, दोन टेबलं, आत लॅपटॉप उघडून बसलेली मंडळी. आमच्या पणजीत कॅफे म्हणजे टाटो नाहीतर भोंसले, म्हणजे भाजी-पाव आणि चहा. हे त्यातलं नव्हे. तरी मेनूत ‘फिल्टर कॉफी’ दिसली आणि मामा खूश झाले. किमतीवर मी हळूच बोट ठेवलं.

दहा मिनिटांनी लाकडी पाटावर काचेचं चंबूसारखं भांडं आलं. आत तांबूस पाणी, शेजारी कान नसलेला इवलासा कप. मामांनी भांडं खिडकीच्या उजेडात धरलं. “अरे, आरपार दिसतं यातून. दूध घालायला विसरला काय तो?”

पोरगा विसरला नव्हता, मेनूही खोटा नव्हता. नाव एक, वस्तू दोन, एवढाच घोटाळा.

मामांच्या मनातली फिल्टर कॉफी दाक्षिणात्य. एकावर एक बसणारी स्टीलची किंवा पितळेची दोन भांडी. वरच्याच्या बुडाला बारीक भोकं. त्यात पूड घालायची, छत्रीसारख्या दांड्याच्या चकतीने हलकेच दाबायची, उकळतं पाणी ओतून झाकण लावायचं आणि विसरून जायचं. पंधरा-वीस मिनिटांनी खाली दाट, काळंभोर डिकॉक्शन थेंबथेंब साठतं. ही अजून कॉफी नव्हे. हे नुसतं प्यायचंच नसतं. गरम दूध आणि साखर पडली, पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात उंचावरून खेळवून फेस आला, की ती कॉफी.

समोर आली ती ‘पोअर ओव्हर’. शंकूच्या आकाराचं गाळणं, त्यात कागद, कागदात जाडसर पूड. आमच्या टेबलाला लागूनच काउंटर होता, म्हणून सगळा सोहळा पाहायला मिळाला. पोराने १५ ग्रॅम पूड काट्यावर तोलली (“सोनाराकडे आलोय काय?” इति मामा), बगळ्याच्या मानेसारख्या चोचीच्या किटलीतून थोडंसं पाणी सोडलं आणि थांबला. पूड फुगली आणि तव्यावरच्या आंबोळीला जाळी पडावी तसे तिच्यावर बुडबुडे फुटले. भाजताना दाण्यात अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो हा. तो आधी गेला नाही तर पाणी पुडीत नीट मुरत नाही. अर्ध्या मिनिटाने उरलेलं पाणी गोल गोल फिरवत, एकूण २५० ग्रॅमच्या आसपास. तीनेक मिनिटांत खेळ संपला.

कागदाची युक्ती जर्मनीतली. १९०८ साली ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने कपात चोथा येतो म्हणून वैतागून पितळी भांड्याला भोकं पाडली आणि मुलाच्या वहीतला टीपकागद त्यात घातला. हल्ली दिसणारं ‘व्ही ६०’ हे जपानी हारिओ कंपनीचं. नावातले ६० म्हणजे शंकूच्या कोनाचे अंश.

खरा फरक गाळणं कशासाठी आहे, यात आहे. स्टीलच्या भोकांतून तेल आणि बारीक गाळ खाली उतरतो, आणि तो उतरायलाच हवा. दुधाखाली दबणार नाही असा अर्क काढायचा असतो. त्यात चिकोरीही असते. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ, तिच्यात कॅफिन नाही. ती पाणी धरून ठेवते, पाझर मंदावतो, अर्क दाट आणि कडसर होतो. आपल्याकडच्या नियमाने अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते. पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं, वाचून घ्या. कागद याच्या नेमकं उलट करतो. तेलं आणि गाळ अडवतो, चिकोरीला इथे थाराच नाही, आणि उरते फक्त त्या दाण्याची चव. म्हणून फळ्यावर मळ्याचं नावसुद्धा लिहितात. आमच्या फळ्यावर चिकमगळूरचा एक मळा होता, म्हणजे दाणे बाबाबुदनच्याच मुलखातले (भारतात कॉफीचं बी पहिल्यांदा आणलं ते याच फकिराने, असं सांगतात), मामांच्या उडप्याकडेही बहुधा तिकडूनच येत असतील.

मामांनी पहिला घोट घेतला आणि म्हणाले, “आंबट आहे. नासली.” नासली नव्हती. दाणे कमी भाजले की ती आंबट चव राहतेच, आणि कॉफी जरा निवली की खालचा गोडवा कळतो. वाफाळती प्यायची सवय असलेल्याला हे पटणं अवघड. तिसऱ्या घोटाला मामांनी दूध मागवलंच. पोराने दिलं, तोंड जरासं फिरवून. माझ्या मते दोघांचंही बरोबर होतं; पण दूध पडल्यावर कपात जे तयार झालं, त्याची चव फिक्या चहासारखी लागली, हे मामांनीही कबूल केलं. तेव्हा ऑर्डर देताना ‘दुधाची की कोरी?’ एवढं विचारलं की पुरे.

घरी मी अदलाबदल करून पाहिली. आमच्याकडे तसं दोन्हींचं प्रस्थ नाही, कॉफी म्हणजे दुधात उकळून वर जायफळ. कॅफेतून आणलेली जाडसर पूड स्टीलच्या फिल्टरात घातली, तर पाणी भराभर खाली गेलं, डिकॉक्शन कसलं, नुसतं रंगीत पाणी. मग चिकोरीची बारीक पूड कागदी शंकूत. ती फुगून बसली आणि पाणी वरच तुंबलं. मी चमच्याने ढवळायला गेलो, कागद फाटला आणि निम्मा चोथा ओट्यावर. उरलंसुरलं आईने पातेल्यात ओतलं, दूध-साखर घालून उकळलं, जायफळ उगाळलं आणि बाबांना नेऊन दिलं. त्यांना काही कळलं नाही.