‘तुला काय, गणित येतच असेल!’

मे महिना संपत आला की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निरोप हमखास फिरतो. अमेरिकेतल्या स्पेलिंग बी स्पर्धेत पुन्हा भारतीय वंशाचं मूल चमकलेलं असतं आणि खाली कुणीतरी लिहितं, ‘आपल्या रक्तातच आहे ते!’ २०१९ साली तर आठ जण संयुक्त विजेते ठरले आणि त्यांतले सात भारतीय वंशाचे होते. यंदा हा निरोप आला तेव्हा न्यू जर्सीत वाढलेली माझी भाची सुट्टीसाठी आमच्याकडे पुण्यात होती. तिने तो वाचला आणि म्हणाली, “मावशी, याचाच मला त्रास होतो गं. गणितात अडलं तरी मी वर्गात विचारत नाही. विचारलं की सगळे वळून बघतात. तुला येत नाही? तुला?”

कौतुकाचा त्रास कसा होतो, याचं उत्तर शोधायला मी एका जुन्या प्रयोगाकडे वळले. मार्गारेट शी, टॉड पिटिन्स्की आणि नलिनी अंबाडी यांनी हार्वर्डमध्ये असताना केलेला हा प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत दोन समजुती घट्ट रुजलेल्या आहेत: आशियाई लोकांना गणित चांगलं येतं आणि मुलींना येत नाही. मग जी आशियाईही आहे आणि मुलगीही, तिचं काय? आशियाई वंशाच्या ४६ विद्यार्थिनींचे तीन गट केले. परीक्षेआधी प्रत्येकीने एक साधी प्रश्नावली भरायची होती. एका गटाला घरी कोणती भाषा बोलतात, कुटुंब किती पिढ्या अमेरिकेत आहे असं विचारलं. दुसऱ्या गटाला वसतिगृहात मुलं-मुली एकत्र राहण्याबद्दल विचारलं. तिसऱ्याला टेलिफोन सेवा वगैरे किरकोळ गोष्टी. नंतर सगळ्यांना तीच बारा गणितं आणि तीच वीस मिनिटं. आशियाई असल्याची आठवण करून दिलेल्यांची हाताळलेल्या गणितांपैकी ५४ टक्के बरोबर आली, मुलगी असल्याची आठवण करून दिलेल्यांची ४३ टक्के, आणि तिसऱ्या गटाची मधे, ४९ टक्के.

गणित रक्तात असतं तर रक्त तिन्ही गटांचं सारखंच होतं. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये हाच प्रयोग शाळकरी मुलींवर केला. तिथे आशियाई म्हणजे गणितात हुशार ही समजूत इतकी पसरलेली नव्हती, आणि तिथे आशियाई असल्याची आठवण दिल्यावर गुण वाढले नाहीत, उलट साध्या गटापेक्षा कमीच आले.

पण माझ्या भाचीचा अनुभव तर वेगळाच. तिला चांगल्या समजुतीचाच जाच होतो. ही गाठ सपना चेरियन आणि गॅलन बोडेनहाउसेन यांनी २००० साली सोडवली. त्यांनीही आशियाई अमेरिकन विद्यार्थिनींनाच घेतलं, पण आठवण आडून न देता थेट विचारलं: लोक तुमच्या समाजाकडे कसं बघतात? म्हणजे लोकांच्या अपेक्षेचं ओझं समोर मांडलं. या मुलींचं चित्त विचलित झालं आणि गुण घसरले.

हे नेमकं होतं कसं? मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हे. आपल्या डोक्यात एक छोटी पाटी असते. आकडेमोड करताना मधली उत्तरं आपण तिच्यावर लिहितो आणि पुसतो. शास्त्रज्ञ तिला वर्किंग मेमरी म्हणतात. समजा विचारलं, ५१ उणे १९ या वजाबाकीला ४ ने निःशेष भाग जातो का? एकातून नऊ जात नाहीत, म्हणून पाचाकडून एक दशक घ्यायचा. अकरातून नऊ गेले, दोन उरले. ते धरून ठेवायचे. पाचाचे आता चार झालेत, हेही धरून ठेवायचं. चारातून एक गेला, तीन. बत्तीस. चार आठे बत्तीस, म्हणजे जातो. एवढ्याशा गणितात पाटी जवळजवळ भरते.

या पाटीचे दोन भाग इथे महत्त्वाचे. एका भागात आपण मनातल्या मनात बोलून गोष्टी धरून ठेवतो, जसा फोन नंबर पुटपुटत दुसऱ्या खोलीत जातो तसा. दुसऱ्या भागात चित्रं आणि मांडणी राहते. सियान बायलॉक आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००७ साली याचा फार सुंदर उपयोग केला. अशीच गणितं त्यांनी काही वेळा आडवी लिहून दिली, काही वेळा उभी, एकाखाली एक. आडवं गणित आपण बहुतेक बोलून सोडवतो, उभं बघून. मग काही मुलींना सांगितलं की गणितात पुरुष का पुढे असतात ते आम्ही तपासतोय. घसरण झाली ती मुख्यतः आडव्या गणितांत. कारण काळजी ही शब्दांची असते. ‘मला जमलं नाही तर?’ हे वाक्यच असतं, आणि ते पाटीच्या बोलत्या भागावर येऊन बसतं. दोन उरले, चार झाले, हे तिथून पुसलं जातं. चांगल्या समजुतीवर हा आडव्या-उभ्याचा प्रयोग झालेला नाही, पण ‘तुला? तुला येत नाही?’ हेही वाक्यच आहे. तेही त्याच जागी बसत असणार, असं मला वाटतं.

याच शोधनिबंधात आणखी एक गोष्ट आहे. जी गणितं आधी घोटून घेतली होती, ज्यांची उत्तरं पाढ्यांसारखी थेट आठवत होती, तिथे काळजीने काही बिघडलं नाही. पाटी लागतच नव्हती. माझी आजी पावकी-निमकी झोपेतही म्हणायची, तिला कुणी घाबरवून हिशेब चुकवायला लावू शकलं नसतं. स्पेलिंग बीची मुलंही वर्षानुवर्षं याद्या घोटतात. त्यात रक्ताचं काही नाही आणि मेंदूच्या गूढ भागाचंही नाही. डोळ्यांना पट्टी बांधून वाचायला शिकवतो म्हणणारे मिडब्रेनचे वर्ग आपल्याकडे पालकांकडून हजारो रुपये उकळतात, त्यांना तर मी मुलांची उघड फसवणूक म्हणते.

हे प्रयोग म्हणजे दगडावरची रेघ आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. ४६ मुली म्हणजे एका गटात पंधरा-सोळा. २०१४ साली दोन संशोधक-गटांनी हार्वर्डचा प्रयोग जास्त मुलींवर पुन्हा केला. एकाला परिणाम फक्त त्या मुलींत स्पष्ट दिसला ज्यांना या समजुती ठाऊक होत्या. दुसऱ्याला दिसलाच नाही. २०१८ साली नेदरलँड्समध्ये दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर मुली-आणि-गणित या समजुतीची चाचणी झाली, तिथेही परिणाम सापडला नाही. म्हणून एका प्रश्नावलीने गुण इतके हलतात, असं आज छातीठोक सांगता येणार नाही. काळजी पाटी व्यापते, हा भाग मला जास्त भक्कम वाटतो.

आणि आशियाई म्हणजे हुशार ही समजूत आली कुठून, हे तर कागदोपत्री आहे. अमेरिकेने १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केलं. १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांना, भारतीय माणूस गोरा ठरत नाही म्हणून, नागरिकत्व नाकारलं. तेव्हा आशियाई म्हणजे स्वस्त मजूर, कधीच मिसळून न जाणारे परके, अशी प्रतिमा होती. १९६५ च्या कायद्याने दार उघडलं, पण शिकलेल्यांना आणि नातेवाइकांना प्राधान्य देऊन. ही चाळणी होती. आज अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या प्रौढांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पदवीधर आहेत. भारतात तसं आहे का, हे आपल्या गल्लीत बघितलं तरी कळेल. लाओस किंवा भूतानमधून निर्वासित होऊन आलेल्यांच्या समाजात पदवीधर जेमतेम पाचांत एक, आणि तेही आशियाईच. ‘आशियाई अमेरिकन’ हा शब्द १९६८ मध्ये बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी राजकीय एकजुटीसाठी घडवला. त्याचा गणिताशी काही संबंध नव्हता.

परकेपणा अजून गेलेला नाही. “तू मूळची कुठली?” हा प्रश्न भाचीलाही येतो, जन्म तिथला असला तरी. चेरियन यांच्याच २०११ च्या एका प्रयोगात, ‘तुम्हाला इंग्रजी येतं का?’ असं विचारल्या गेलेल्या आशियाई विद्यार्थ्यांनी आवडता पदार्थ म्हणून अमेरिकन पदार्थाचं नाव सांगण्याचं प्रमाण असं न विचारलेल्यांच्या तिप्पट होतं; आपण इथलेच आहोत, हे दाखवण्यासाठी.

हार्वर्डचा तो प्रयोग करणाऱ्यांपैकी नलिनी अंबाडी यांचा जन्म कोलकात्याचा, १९५९ चा. पुढे त्या स्टॅनफर्डला गेल्या. तिथे असताना रक्ताच्या कर्करोगामुळे त्यांना दुसऱ्याचा बोन मॅरो, म्हणजे अस्थिमज्जा, हवा झाला. वंश रक्तात खरोखर महत्त्वाचा ठरतो तो इथे. दाता आणि रुग्ण यांची एचएलए नावाची प्रथिनं जुळावी लागतात, आणि सख्ख्या भावंडांत जुळलं नाही तर ती आपल्याच वंशाच्या माणसाशी जुळण्याची शक्यता जास्त. दात्यांच्या नोंदवहीत दक्षिण आशियाई फार थोडे होते. मित्रांनी आणि विद्यार्थ्यांनी दोन्ही देशांत मोहीम चालवली. ऑक्टोबर २०१३ मध्ये, ५४ व्या वर्षी, त्या गेल्या.

नोंदणीसाठी गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना द्यावा लागतो. वयाची अट अठरा आहे, हे भाचीनेच मला शोधून सांगितलं. तिला मार्चमध्ये अठरा पूर्ण होतील.