आम्ही येण्याआधी जागा 'तयार' करू नका
(पाऊसबाग करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

काम ठरतं, जागेवर फक्कीने खुणा होतात आणि ठरल्या दिवशी आमची माणसं कुदळ-फावडी घेऊन पोचतात. मालक हसतमुखाने सामोरे येतात. "तुमचं काम सोपं करून ठेवलंय. कालच यंत्र लावून सगळं सपाट करून घेतलं, वरून रोलरही फिरवला." हेतू चांगलाच असतो, पण या एका वाक्याने आमचे दोन दिवस जातात. म्हणून हे पत्रक.

पाऊसबाग म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहेच. छपराचं पाणी गटारात न सोडता एका उथळ, खोलगट वाफ्यात आणायचं आणि तिथेच मुरवायचं. खोली जेमतेम १५ ते २० सेंटिमीटर. लोकांचं लक्ष झाडांकडे जातं, पण पाणी मुरतं ते मातीतल्या पोकळ्यांमुळे. चांगल्या मातीत आकारमानाने जवळजवळ निम्मी जागा पोकळ असते. गांडुळांची बिळं आणि कुजून गेलेल्या मुळांच्या वाटा या त्यातल्या मोठ्या पोकळ्या. पाणी झरझर खाली उतरतं ते यांच्यातून, आणि वजन पडलं की आधी मिटतात त्याही याच. वरून बघाल तर माती होती तशीच दिसते. "एकदाच तर गाडी नेली" असं सांगणारे बरेच भेटतात, पण सगळ्यात जास्त दाब पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच बसतो. त्यातून माती ओली असली तर विचारायलाच नको.

आता हिशोब बघा. १०० चौरस मीटर छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २,५०० लिटर पाणी होतं. ते सगळं तुमच्या बागेकडे धावणार. खालची माती चोपून बसलेली असेल तर ते वर साचतं, सांडव्यावरून निघून जातं, जे उरतं त्याचं डबकं होतं, आणि मग आम्हाला फोन येतो की बाग फसली.

अशी जागा मिळाली की आम्हाला ती पहारीने ३० सेंटिमीटरपर्यंत उकरावी लागते आणि चांगलं कुजलेलं खत मिसळून पुन्हा भुसभुशीत करावी लागते. "वाळू टाका की!" असा सल्ला हमखास मिळतो. चिकणमातीत थोडी वाळू कालवली तर ती मोकळी होत नाही, उलट विटेसारखी घट्ट बसते. वाळूचे ढीग मागवून ठेवू नका.

तुमच्याकडून मदत हवी आहे ती एवढीच: खुणा झाल्या की भोवती दोरी बांधा आणि आत कुणाला जाऊ देऊ नका. गाडी, विटा, राडारोडा दुसरीकडे ठेवा. तण उपटू नका, त्याची मुळं माती मोकळी ठेवतात. घराचं प्लास्टर किंवा फरशीचं काम निघणार असेल तर ते आधी उरका. सिमेंट धुतलेलं पाणी वाफ्यात गेलं की पोकळ्या बुजतात आणि मातीही बिघडते.

आमच्याबद्दलही तक्रार असते. पहिल्या भेटीला दोन माणसं येतात, खड्ड्यात पाणी ओततात, घड्याळ बघत बसतात आणि जातात, याचे पैसे कसले? तो खड्डा ३० सेंटिमीटर खोल असतो. पहिलं पाणी मातीची तहान भागवायला, मोजमाप दुसऱ्या पाण्याचं. तासाला २.५ सेंटिमीटर उतरलं तर १५ सेंटिमीटर साठलेलं पाणी सहा तासांत संपेल, काम सोपं. फारच हळू उतरलं तर जागा बदलायची, की माती, की खालून निचऱ्याची नळी टाकायची, हे खणण्याआधी ठरतं. ही चाचणी न करता बाग करून देणारे आहेत. त्यांनी केलेल्या काही बागा नंतर आम्हीच उकरल्या आहेत.

तसंच, आदल्या दिवशी पाऊस झाला तर आम्ही काम पुढे ढकलतो. मूठभर माती दाबून बघतो. गोळा बोटाने टोचल्यावर फुटला तर काम सुरू, नुसताच दबला तर परत. यंत्र आणलंच तर ते वाफ्याबाहेर उभं राहतं, आत फक्त त्याचा हात जातो.

ही कल्पना नवीन किंवा कच्ची आहे असं वाटत असेल तर सांगतो: आजच्या रूपातली पाऊसबाग १९९० मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, प्रिन्स जॉर्जेस काउंटीतल्या एका नव्या वसाहतीसाठी पुढे आली. एक मोठं तळं खोदण्याऐवजी घरोघरी छोट्या बागा, असा तो विचार होता.

डासांचं म्हणाल तर अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. नीट केलेली बाग २४ तासांत, फार तर ४८ तासांत कोरडी होते. पानं कुरतडलेली दिसली तर औषध मारू नका, फुलपाखरांच्या अळ्यांना दुसरं काय खायचंय? उघड्या मातीत बारीक भोकं दिसली तर ती बहुधा एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांची. त्यांच्या बहुसंख्य जाती जमिनीतच घर करतात, त्यांनाही मोकळी मातीच लागते. पहिल्या वर्षी बाग विरळ दिसेल, झाडं तेव्हा मुळं वाढवत असतात.

पहिल्या वर्षाच्या तीन फेऱ्या आमच्या कामातच धरलेल्या असतात: गाळ काढणं, आच्छादन सारखं करणं, मेलेली रोपं बदलणं. पुढच्या वर्षांसाठी वेगळी बोलणी करता येतात, बरेच ग्राहक करतात. दोन दिवसांनंतरही पाणी तसंच असेल तर त्यात माती लोटू नका, फोन करा. फोन करताना शेवटचा पाऊस किती तासांपूर्वी थांबला आणि वाफ्यात कोण उतरलं होतं, एवढं मात्र खरं सांगा.