पुढच्याच्या चाकामागे किती वारा वाचतो? पहिल्या ड्राफ्ट-लीगल ट्रायथलॉनमधून कळलेलं गणित

नागपुरात ट्रायथलॉन करणारे बरेच जण गोव्याच्या 70.3 ची (अर्ध्या आयर्नमॅन रेसची) तयारी करत असतात, म्हणजे 1.9 किमी स्विम, 90 किमी सायकल, 21.1 किमी रन, आणि तिथे नियम असा की सायकलवर पुढच्याच्या मागे चिकटायचं नाही, ठरलेलं अंतर ठेवायचं. त्यात आपले डॉ. अमित समर्थ 2017 मधे रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे अमेरिका आडवी पार करायची सायकल रेस, सोलो पूर्ण करून आले, तेव्हापासून तर एकट्याने तासन्‌तास पेडल मारणं हीच खरी सायकलिंग असं इथे डोक्यात पक्कं बसलंय. ड्राफ्ट-लीगल रेस याच्या अगदी उलट. इथे ड्राफ्ट घेणं, म्हणजे पुढच्याच्या आडोशाला एकमेकांच्या मागे लागणं, हाच खेळ. ऑलिम्पिकमधे 2000 साली सिडनीला ट्रायथलॉन आलं तेही याच प्रकारात. मी पहिल्यांदाच अशी स्प्रिंट रेस केली, 750 मीटर स्विम, 20 किमी सायकल, 5 किमी रन, आणि माझं ठाम मत झालंय की या रेसमधे सायकलचा निकाल निम्म्याहून जास्त पाण्यातच लागून जातो.

का, ते बघा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी पॉवर घनाने, म्हणजे वेग दुप्पट तर हवेसाठीची पॉवर आठपट. ताशी 36 किमीला साधारण बांध्याच्या रायडरला हवेसाठीच 180-185 वॉट लागतात, वरून टायरच्या घर्षणाला 40 च्या आसपास, झाले सव्वादोनशे. आता कोणाच्या तरी मागे नीट चिकटलात तर हवेचा विरोध ढोबळमानाने 30 टक्के कमी होतो, म्हणजे तोच वेग 170 वॉटच्या आत. पुढचा रायडर हवा फाडत जातो, त्याच्या मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि तुम्ही त्या पट्ट्यात असता. गंमत म्हणजे मागे कोणी असलं की तो पट्टा थोडा भरून निघतो, त्यामुळे पुढच्यालाही दोन-तीन टक्क्यांचा फायदा होतो! 2018 मधे नेदरलँड्समधल्या आइंडहोवन विद्यापीठाच्या बर्ट ब्लोकेन यांच्या टीमने 121 रायडरच्या झुंडीचा अभ्यास केला, तर मागे-मधे बसलेल्याला एकट्याच्या मानाने फक्त 5 ते 10 टक्के विरोध होता. आपल्या रेसमधे चार-सहा जणांचाच ग्रुप होतो त्यामुळे एवढं मिळत नाही, पण जे मिळतं तेही भरपूर आहे.

आता समजा पाण्यातून आणि ट्रान्झिशनमधून (पाण्याबाहेर येऊन, हेल्मेट घालून सायकल घ्यायचा टप्पा) तुम्ही ग्रुपपेक्षा 30 सेकंद उशिरा निघालात. 36 च्या वेगाला 30 सेकंद म्हणजे 300 मीटर, आणि आडोसा तर काही मीटरच पुरतो. एकट्याने 38 ने मारत पकडायचं म्हटलं तर नऊ मिनिटं लागतात, साधारण 255 वॉटने, आणि तोवर पुढचे आळीपाळीने वारा घेत, मागे आले की 170 वर आराम करून राहिले असतात. म्हणून हेल्मेटचा बक्कल एका झटक्यात लागणं हे महाग व्हीलसेटपेक्षा मोठं आहे, हे मी मनापासून सांगतो.

पाण्यातही ड्राफ्ट आहेच. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट, त्यामुळे वेग कमी असला तरी आडोशाची किंमत मोठी. सगळ्यात चांगली जागा म्हणजे पुढच्याच्या पायाच्या बोटांमागे अर्ध्या मीटरच्या आत, त्याच्या किकचे बुडबुडे तोंडासमोर दिसले पाहिजेत, ते गायब झाले की समजायचं आपण सुटलो. पूलमधे लेनमधे एकट्याने किती का लॅप मारा, ही सवय लागत नाही, त्याला एका लेनमधे तिघं-चौघं सोडावे लागतात.

पण मागे बसणं म्हणजे फुकटची सवारी असं कोणी समजत असेल तर यू-टर्नवर त्याला कळेल. पहिला रायडर वळणाच्या आधी ब्रेक मारतो, दुसरा जरा जास्त, पाचव्याचा वेग तर 20 वर येतो, आणि तो वळेपर्यंत पुढचा पुन्हा 35 ला पोचलेला असतो. सायकल धरून 80 किलो वजन 20 वरून 35 ला न्यायला सुमारे 2500 ज्यूल लागतात, ते पाच सेकंदात करायचे तर 500 वॉट, आणि हे फक्त वेग वाढवायला, हवेचं वेगळंच. असे प्रत्येक लॅपला दोन-दोन वळणं. आम्ही आता आउटर रिंग रोडवर पहाटे हेच करतो, स्थिर वेगाची लांब राइड कमी, वळून उठून मारणं जास्त, आणि "भाऊ, चाकाकडे नको पाहू, पुढच्याच्या खांद्याकडे पाहा" हे ओरडणं सतत चालू. आडवा वारा आला तर आडोसाही तिरका सरकतो, डावीकडून वारा तर जागा पुढच्याच्या उजव्या बाजूला जरा मागे. मोकळ्या रस्त्यावर हे अंगावरच कळतं.

एक गोष्ट खास आपल्या नागपूरकरांसाठी. 40 डिग्रीची हवा 15 डिग्रीच्या हवेपेक्षा साधारण 8 टक्के विरळ असते, म्हणजे उन्हाळ्यात विरोध थोडा कमीच. पण ड्राफ्टमधे अंगावर वारा लागत नाही, घाम वाळत नाही, आणि शरीर तापत जातं. ग्रुपमधे पाय ताजे वाटतात म्हणून पाणी प्यायचं राहून जातं, ते रनमधे भोवतं.

आणि रनसाठीच तर हा सगळा खटाटोप. 1999 मधे फ्रेंच संशोधकांनी ट्रायथलीट लोकांकडून हीच स्प्रिंट अंतरं दोनदा करून घेतली, सायकलचा वेग तोच ठेवून, एकदा एकट्याने आणि एकदा दुसऱ्याच्या मागे. मागे बसले तेव्हा सायकलवर ऑक्सिजन सुमारे 14 टक्के कमी लागला आणि नंतरचे 5 किमी ते जास्त वेगाने धावले.