वेग विकत घेतला, उशीर तसाच राहिला

बहिणीची नोकरीची मुलाखत व्हिडिओ कॉलवर होती. आधी पाच मिनिटं मी स्पीड टेस्ट घेतली. आकडा आला ९४ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ९४ मेगाबिट. प्लॅन १००चा, म्हणजे तक्रारीला जागाच नाही. मुलाखत सुरू झाली आणि थोड्याच वेळात तिचा आवाज तुटायला लागला. पलीकडचे लोक "ऐकू येतंय का?" असं विचारत राहिले. ती उत्तर द्यायची, पण ते त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांचा पुढचा प्रश्न सुरू झालेला असायचा. दोन्ही बाजू एकमेकांच्या बोलण्यावर बोलत होत्या. मुलाखत आटोपल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

इंटरनेट कंपनीला फोन केला. तिकडून उत्तर आलं, "लाइन ओके दिसतेय, मोठा प्लॅन घेऊन बघा." आम्ही तीनशेचा घेतला. पैसे वाढले, स्पीड टेस्टचा आकडाही वाढला, कॉल मात्र तसेच अडकत राहिले. मग मी हा प्रश्न जरा मुळापासून समजून घ्यायचं ठरवलं. दर महिन्याला आपण नेमके कशाचे पैसे भरतो?

आधी एककाचा घोळ मिटवू. प्लॅनवरचा आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या लाइनवर एका सेकंदात जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतात. यात कुणी फसवत नाही, पण "शंभरचं नेट घेतलं आणि डाउनलोड बारानेच होतंय" ही तक्रार इथूनच येते.

आता हा आकडा काय सांगतो ते पाहा. एका सेकंदात किती माल जाऊ शकतो, एवढंच. पहिली वस्तू दारात यायला किती वेळ लागतो, याबद्दल तो काहीच सांगत नाही. सामान वाहणारा ट्रक दुप्पट मोठा केला तर एका खेपेत दुप्पट सामान येईल, पण ट्रकला गावाहून यायला लागणारा वेळ तोच राहील. या दुसऱ्या वेळेला लेटन्सी म्हणतात आणि ती मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. हजार किलोमीटरवरच्या सर्व्हरकडे जाऊन परत यायला त्याला किमान दहा मिलिसेकंद लागणारच. ते कमी करून देणारा प्लॅन कुणीच विकू शकत नाही. म्हणून तर मोठ्या व्हिडिओ सेवा आपल्या फाइलींच्या प्रती ग्राहकांच्या जवळपास, कित्येकदा इंटरनेट कंपनीच्याच जाळ्यात, आणून ठेवतात.

एखादं वेबपान उघडताना काय होतं? ब्राउझर आधी त्या नावाचा पत्ता विचारतो, मग सर्व्हरशी ओळख करून घेतो, मग संभाषण गुप्त राखण्यासाठी किल्ल्यांची देवाणघेवाण होते आणि त्यानंतर कुठे पान मागितलं जातं. प्रत्येक पायरीला एक जाऊन-येऊन फेरी. पान यायला लागलं तरी सर्व्हर एकदम सगळं ओतत नाही. इंटरनेटवर सगळा डेटा छोट्या तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत जातो. सुरुवातीला सर्व्हर साधारण दहा पाकिटं, म्हणजे पंधरा किलोबाइटच्या आसपास पाठवतो, पोच आली की दुप्पट, मग त्याच्या दुप्पट. लहानसहान गोष्टी या चढणीवरच संपून जातात, लाइनच्या पूर्ण वेगापर्यंत पोचतच नाहीत. गूगलमध्ये काम करणाऱ्या माइक बेल्शी यांनी २०१० साली हे मोजून दाखवलं होतं. वेग ५ वरून १० एमबीपीएस केला तर पानं उघडण्याच्या वेळात जेमतेम पाच टक्के सुधारणा झाली. फेरीचा वेळ मात्र जसजसा कमी केला, तसतशी पानं सरळ प्रमाणात लवकर उघडत गेली.

मग घराला किती वेग लागतो? एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस, फोर-केला १५ ते २५, व्हिडिओ कॉलला दोन्ही दिशांना दोन ते चार. चार माणसांच्या घरात सगळे एकदम बसले तरी शंभरची लाइन सहसा भरत नाही. तीनशेचा उपयोग आहे तो मोठ्या फाइलींना. पन्नास गिगाबाइटचा गेम शंभरच्या लाइनवर एक तास सात मिनिटांत उतरतो, तीनशेच्या लाइनवर बावीस मिनिटांत. हे ज्याला रोज करायचंय त्याचे पैसे नक्की वसूल होतात. ज्याला कॉल नीट हवेत, तो चुकीची वस्तू विकत घेतोय.

आता बहिणीच्या कॉलकडे येतो. एका संध्याकाळी मी लॅपटॉपवर पिंग चालू ठेवलं. पिंग म्हणजे एक छोटं पाकीट पाठवायचं आणि परत यायला किती वेळ लागला ते पाहायचं. आकडे येत होते: १४, १५, १४, १४. मग फोनवरून फोटोंचा बॅकअप सुरू केला, मुलाखतीच्या दिवशी आपोआप सुरू झाला होता तसाच. २२०. ४९०. ७६०. ८१२. आणि मग आकडा तिथेच, आठशेच्या घरात बसून राहिला. बॅकअप थांबवला आणि दोन सेकंदांत पुन्हा १४.

हे आठशे आले कुठून? आमच्या दोन्ही प्लॅनमध्ये अपलोडचा वेग १०च होता. मोठ्या अक्षरातला आकडा डाउनलोडचा असतो, अपलोडचा खाली बारीक अक्षरात. फोन वायफायवरून फोटो भराभर मॉडेमकडे, म्हणजे घर बाहेरच्या लाइनला जोडणाऱ्या डब्याकडे ढकलतो, पण मॉडेममधून बाहेर जायची वाट अरुंद. जास्तीची पाकिटं मॉडेमच्या मेमरीत रांगेत थांबतात. ही रांग एक मेगाबाइटची असली, तर ती आठ मेगाबिटची झाली. दहाच्या वेगाने ती संपायला आठ दशांश सेकंद, म्हणजे ८०० मिलिसेकंद लागतात. बहिणीच्या आवाजाचं प्रत्येक पाकीट या फोटोंच्या मागे आठशे मिलिसेकंद उभं होतं. समोरासमोर बोलताना आपण दुसऱ्याचं वाक्य संपल्यावर सेकंदाच्या चौथ्या-पाचव्या भागात बोलायला लागतो. तिथे एवढा उशीर झाला की संवाद मोडतोच.

या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. हे नाव जिम गेटिस यांनी रूढ केलं. ते तेव्हा बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेत होते आणि २०१० साली घरूनच फाइली पाठवताना त्यांना एक सेकंदाहून जास्त उशीर दिसला. कारण शोधत गेले तर ते जवळजवळ सगळीकडे सापडलं. मेमरी स्वस्त झाली म्हणून उपकरणं बनवणाऱ्यांनी ती सढळ हाताने घातली होती. एकही पाकीट हरवू नये, हा हेतू चांगलाच होता. पण इंटरनेट चालतं ते पाकिटं हरवण्यावरच.

हे जरा विचित्र वाटेल, पण मला या विषयातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचं बर्कले इथलं आवार यांच्यातली जोडणी कोलमडली. अंतर जेमतेम चारशे यार्ड, आणि वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर आला. व्हॅन जेकबसन यांनी त्याची उकल करून १९८८ साली उपाय मांडला. पाकीट हरवलं की पाठवणाऱ्या संगणकाने समजायचं, पुढे गर्दी आहे, आणि आपला वेग उतरवायचा. आजही कोट्यवधी संगणक कुणीही हुकूम न सोडता एकमेकांना वाट देतात ते याच समजुतीवर. मॉडेमची भली मोठी मेमरी हा इशाराच दाबून टाकते. रांग तुंबत जाते आणि पाठवणाऱ्याला वाटतं, सगळं छान चाललंय. जेकबसन यांनीच कॅथलीन निकोल्स यांच्याबरोबर २०१२ साली यावर कोडेल ही पद्धत दिली. रांगेतला उशीर पाच मिलिसेकंदांच्या वर रेंगाळायला लागला की ती थोडी पाकिटं मुद्दाम टाकून देते. पाठवणारा सावध होतो आणि रांग उतरते.

लाइन आपल्या एकट्याची नसते, हेही लक्षात घ्यायला हवं. घरोघरी येणाऱ्या फायबरमध्ये खूप वापरली जाणारी पद्धत म्हणजे जीपॉन. तिच्या एका धाग्यावर खाली येणारा वेग सुमारे २,४८८ एमबीपीएस असतो आणि तो बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. ६४ने भागलं तर वाट्याला ३९ येतात. तरी प्रत्येकाला शंभर विकणं ही लबाडी नाही, कारण सगळे एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे गणिती ॲग्नर एरलांग यांनी १९०९ साली फोनच्या कॉलसाठी हेच गणित मांडलं होतं. प्रत्येकाला स्वतंत्र लाइन राखून ठेवायची म्हटलं तर बिल कितीतरी पटीने वाढेल. बिघडतं ते कंपनीने पुढची, म्हणजे बाहेरच्या जगाकडे जाणारी जोडणी, गर्दीच्या मानाने वाढवली नाही तर. कंपनीचा खर्च ठरतो तो केबल टाकणं, माणसं आणि रात्री आठ-नऊच्या गर्दीला पुरेल एवढी क्षमता यांवर. पहाटे तीनला उतरवलेल्या फाइलीचा कंपनीला जवळजवळ काहीच भार पडत नाही. म्हणून महिन्याला अमुक इतका डेटा, ही मर्यादा मला खर्चाशी फारशी जुळणारी वाटत नाही. आपण पारखायची ती संध्याकाळ.

वायफायबद्दल थोडक्यात. हवा सामायिक असते, एका चॅनलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल साधारण तीनच, आणि शेजारच्या सगळ्या घरांचे राउटर त्यांतच दाटीवाटीने बसलेले. ५ गिगाहर्ट्झवर जागा ऐसपैस, पण भिंतीपलीकडे त्याचा सिग्नल लवकर दमतो. राउटर लोखंडी कपाटामागे असेल तर दोष लाइनचा नाही. म्हणून निवाडा करायचा तर लॅपटॉपला केबल लावावी, संध्याकाळी मोजावं, आणि नुसता वेग न पाहता मोठं अपलोड चालू असताना पिंग किती चढतो ते पाहावं. काही स्पीड टेस्ट आता लाइन भरलेली असतानाची लेटन्सी वेगळी दाखवतात. माझ्या मते खरा आकडा तो.

आमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम नावाची, पाकिटांची रांग सांभाळणारी सोय निघाली, आतमध्ये कोडेलचीच एक आवृत्ती. तिथे अपलोडला नऊची मर्यादा घातली, म्हणजे रांग मॉडेममध्ये न लागता राउटरमध्ये लागेल आणि तिथे तिच्यावर कोडेलची नजर राहील. पुन्हा पिंग लावलं, बॅकअप सुरू केला: १६, २१, १९, २३. पुढच्या महिन्यात आम्ही शंभरच्या प्लॅनवर परत आलो. बहिणीची दुसरी मुलाखत झाली तेव्हा माझा फोन पलीकडच्या खोलीत फोटो चढवत होता आणि तिच्या कॉलला त्याचा पत्ताही लागला नाही.